आधी फोन, मग लॅपटॉप : घरगुती व्यवसायाचे संकेतस्थळ प्रत्येक स्क्रीनवर नीट दिसावे यासाठी नवशिक्यांना मार्गदर्शन

किनाऱ्यावरच्या गावांत घरगुती निवास चालवणाऱ्या किंवा हापूसच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याला पाठवणाऱ्या घरांतली कॉलेजात जाणारी मुले हल्ली स्वतःच घरचे संकेतस्थळ करायला बसतात, आणि त्यांचा माझ्याकडे येणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘कोणते टूल वापरू?’ बूटस्ट्रॅप, टेलविंड, वर्डप्रेस ही नावे त्यांनी ऐकलेली असतात आणि त्यांतले एक निवडले की अर्धे काम झाले, असा त्यांचा समज असतो. माझे उत्तर त्यांना निराश करते, कारण ही निवड मी कामाच्या शेवटाकडे ठेवायला सांगतो. एचटीएमएलचे, म्हणजे पानाची रचना लिहिण्याच्या भाषेतले, साधे पान, ज्याला कोणतीही सजावट केलेली नाही, ते मुळात कोणत्याही रुंदीच्या स्क्रीनवर आपोआप बसते. मजकूर खिडकीच्या कडेला पोहोचला की पुढच्या ओळीवर येतो. पान मोडते ते आपण त्यावर ठरावीक रुंदी ठोकतो म्हणून.

हे मी चुकून शिकलो. नात्यातल्या एका घरासाठी केलेल्या माझ्या पहिल्या संकेतस्थळात मी पानाची रुंदी ९६० पिक्सेल अशी कायमची बांधून टाकली होती आणि उजव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत फोन नंबर दिला होता. माझ्या संगणकावर ते देखणे दिसत होते. चार दिवसांनी काकांचा फोन आला, ‘अरे, पान बरे झाले आहे, पण नंबर कुठे आहे?’ त्यांच्या मोबाइलवर नंबर स्क्रीनच्या बाहेर गेला होता, आणि बोटाने पान डावीकडे सरकवल्यावरच तो सापडत होता. एवढी खटपट कोणता पाहुणा करणार?

या लेखात उदाहरण म्हणून गुहागर तालुक्यातले एक काल्पनिक घर घेऊ. त्यांच्याकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत, मागे कलमांची बाग आहे, आणि त्यांना एकाच पानावर खोल्यांची माहिती, हंगामानुसार दर, आंब्याच्या पेटीची मागणी नोंदवण्याची सोय, येण्याचा रस्ता आणि फोन नंबर द्यायचा आहे. पुढे येणाऱ्या सूचनांची आणि खुणांची (टॅगची) नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीतच टंकावी लागतात.

संगणक उघडण्यापूर्वी

पहिली पायरी कागदावरची आहे. लग्नपत्रिकेच्या पाठीसारखा एक अरुंद, उभा कागद घ्यावा आणि पानावर जे जे यायचे आहे ते एकाखाली एक लिहून काढावे. फोनवर शेजारीशेजारी असे काही नसतेच, सगळे एका रांगेत येते. त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, हा निर्णय टाळता येत नाही. आपल्या घराच्या बाबतीत मी घराचे नाव आणि गाव, एक चांगले छायाचित्र, लगेच फोन करण्याचे बटण, मग खोल्या, दर, येण्याचा रस्ता आणि शेवटी बागेची माहिती, असा क्रम लावीन. मार्च ते मे या काळात आंब्याची पेटी वर सरकेल आणि पावसाळ्यात ती खाली जाईल. कुटुंबाचा इतिहास आणि आजोबांनी लावलेल्या पहिल्या कलमाची गोष्ट यांना जागा जरूर द्यावी, पण दर आणि रस्ता यांच्या खाली.

पाहुणे हे पान कुठे उघडतात, याचाही विचार याच वेळी करावा. काही जण मुंबईतल्या घरी निवांत बसून लॅपटॉपवर पाहतात. पण बरेच जण कोकण रेल्वेत बसून, चिपळूणला उतरल्यावर पुढे कसे जायचे हे शोधत असतात. काहींना दापोलीकडून येताना दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट बघता बघता तुमचे घर नेमके कुठे आहे ते पाहायचे असते. त्यांच्या हातात फोन असतो, डोक्यावर ऊन असते आणि रेंज दोन काड्यांची असते. रत्नागिरीजवळच्या ६.५ किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात गाडी शिरली की तीही जाते. म्हणून ‘स्क्रीनला जुळवून घेणे’ याचा अर्थ केवळ रुंदीला जुळवून घेणे असा घेतला तर काम अर्धवट राहते.

कामाची मांडामांड

लिहिण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा मोफत संपादक पुरेसा आहे. त्यात ‘लाइव्ह सर्व्हर’ नावाचे विस्तारक बसवून घ्यावे, म्हणजे फाइल जतन केली की ब्राउझरमधले पान आपोआप ताजे होते. दुसरे साधन म्हणजे फायरफॉक्स किंवा क्रोम यांपैकी एक ब्राउझर, आणि तिसरे म्हणजे घरातला सर्वांत जुना चालू स्थितीतला फोन. या तिसऱ्या साधनाची बरोबरी कोणतेही सॉफ्टवेअर करत नाही.

सर्व फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि त्यांची नावे रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावीत. विंडोजला फाइलच्या नावातले लहान-मोठे अक्षर सारखेच वाटते, परंतु संकेतस्थळे ज्या सर्व्हरांवर राहतात त्यांपैकी बहुतेकांना तसे वाटत नाही. परिणामी घरच्या संगणकावर दिसणारे छायाचित्र प्रकाशित झाल्यावर दिसेनासे होते आणि नवशिका दोन तास चूक शोधत बसतो.

पानाच्या ‘हेड’ भागात दोन गोष्टी सर्वांत आधी लिहाव्यात. पहिली म्हणजे व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान ज्या चौकटीत दिसते तिची, मेटा खूण. ती नसेल तर फोनचा ब्राउझर असे धरून चालतो की पान जुन्या पद्धतीचे, संगणकासाठी केलेले असावे. म्हणून तो ते साधारण ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि मग सगळेच आक्रसून फोनच्या स्क्रीनवर बसवतो. अक्षरे मुंगीएवढी दिसणारी पाने आपण सर्वांनी पाहिली आहेत, त्यांचे कारण बहुधा हेच असते. या खुणेत रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि सुरुवातीचे प्रमाण १ असे द्यावे. काही तयार नमुन्यांत याच ओळीत पान बोटांनी मोठे करण्याला बंदी घातलेली असते; ती काढून टाकावी, कारण चष्मा घरी विसरलेल्या माणसाला तेवढाच आधार असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे भाषेची नोंद. एचटीएमएलच्या पहिल्या खुणेत ‘लँग’ हा गुणधर्म मराठीच्या संकेताने भरावा. त्यामुळे पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी आवाज निवडता येतो, आणि काही फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची रूपे जाऊन मराठी वळणाची रूपे आपोआप येतात. एवढ्याशा नोंदीने पान एकदम घरचे वाटू लागते.

रुंदी, छायाचित्रे आणि पिक्सेल

मे २०१० मध्ये इथन मार्कोट या अमेरिकी वेब-रचनाकाराने एका लेखात ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा शब्दप्रयोग मांडला आणि त्यासाठी तीन गोष्टी एकत्र आणल्या : प्रमाणात वाढणारी-आटणारी जाळी, लवचीक छायाचित्रे आणि मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीनुसार लागू होणारे नियम. त्याआधी मोबाइलसाठी वेगळे आणि संगणकासाठी वेगळे अशी दोन संकेतस्थळे ठेवण्याची पद्धत होती आणि एकात केलेला बदल दुसऱ्यात करायचा राहून जाई. आज साधने कितीतरी पुढे गेली असली तरी त्या तीन गोष्टींचा पाया कायम आहे.

प्रथम पिक्सेल म्हणजे काय ते समजून घ्यावे. फोनच्या खोक्यावर १०८० पिक्सेल रुंदी लिहिलेली असली तरी ब्राउझर पानाची मांडणी त्या पिक्सेलांत करत नाही. असा फोन बहुधा तीन खऱ्या पिक्सेलांचा एक मांडणीचा पिक्सेल धरतो, म्हणून त्याची कामाची रुंदी ३६० भरते. सध्याचे बहुतेक फोन साधारण ३६० ते ४३० या पट्ट्यात बसतात आणि काही जुने, लहान फोन ३२० चे असतात. सुलभतेसाठी पाळल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय निकषांतही ३२० पिक्सेल रुंदीवर पान आडवे सरकवावे लागू नये, अशी अपेक्षा आहे. म्हणून आपली सुरुवात ३२० पासून करावी.

आता सीएसएस फाइलमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीचे नियम जिथे असतात तिथे, पहिला नियम लिहावा : मुख्य भागाला ‘विड्थ’ न देता ‘मॅक्स-विड्थ’ द्यावी, समजा ११०० पिक्सेल, आणि दोन्ही बाजूंना १६ पिक्सेलांची मोकळी जागा ठेवावी. ‘विड्थ’ सांगते की एवढेच रुंद राहा. ‘मॅक्स-विड्थ’ सांगते की याहून रुंद होऊ नकोस, पण जागा कमी असेल तर खुशाल आकस. काकांचा फोन नंबर या एका शब्दाच्या फरकाने हरवला होता. त्याच फाइलमध्ये सर्व घटकांसाठी ‘बॉक्स-सायझिंग’ हे ‘बॉर्डर-बॉक्स’ करून ठेवावे, म्हणजे आतली मोकळी जागा आणि किनार रुंदीतच मोजली जाते. छायाचित्रांनाही ‘मॅक्स-विड्थ’ १०० टक्के आणि उंची ‘ऑटो’ द्यावी.

छायाचित्रांपाशी थोडे थांबणे भाग आहे, कारण आपल्याकडची बहुतेक पाने इथेच जड होतात. १२ मेगापिक्सेलच्या फोनने काढलेले छायाचित्र ४००० बाय ३००० पिक्सेलांचे असते आणि काही एमबी जागा खाते. वरचा नियम लावला की ते फोनवर लहान दिसते खरे, पण उतरवून घ्यावे लागते पूर्ण आकाराचेच. पाहुण्याच्या रेंजच्या दोन काड्या त्या एका समुद्राच्या फोटोत संपतात. यावर उपाय असा : गुगलच्या क्रोम चमूने केलेले ‘स्क्वूश’ हे मोफत साधन ब्राउझरमध्ये उघडावे, छायाचित्र त्यात टाकावे, रुंदी बदलून त्याच्या ४८०, ९६० आणि १६०० पिक्सेलांच्या तीन प्रती काढाव्यात आणि त्या वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात जतन कराव्यात. प्रक्रिया तुमच्याच संगणकावर होते, त्यामुळे छायाचित्र कुठे पाठवले जात नाही. नंतर इमेजच्या खुणेत ‘सोर्ससेट’ या गुणधर्मात तिन्ही प्रती त्यांच्या रुंदीसह नोंदवाव्यात आणि ‘सायझेस’ या गुणधर्मात ते छायाचित्र कोणत्या स्क्रीनवर किती जागा घेणार आहे ते सांगावे. ‘सायझेस’ लिहिले नाही तर ब्राउझर समजतो की छायाचित्र स्क्रीनभर पसरणार आहे, आणि मोठी प्रत मागवतो. कोणती प्रत घ्यायची हा निर्णय मात्र ब्राउझरवर सोडावा. स्क्रीनची घनता त्याला आपल्यापेक्षा चांगली कळते.

प्रत्येक छायाचित्राला ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ हे गुणधर्मही द्यावेत. हे आधीच्या सल्ल्याच्या उलट वाटेल, परंतु या आकड्यांचा उपयोग ब्राउझर केवळ प्रमाण ओळखून जागा राखून ठेवण्यासाठी करतो. जागा राखली नाही तर पाहुणा ‘फोन करा’ या बटणावर बोट ठेवायला जातो, तेवढ्यात वरचे छायाचित्र अवतरते आणि बटण खाली ढकलले जाते. पहिल्या स्क्रीनच्या खाली असलेल्या छायाचित्रांना ‘लोडिंग’ हा गुणधर्म ‘लेझी’ असा द्यावा. सर्वांत वरच्या छायाचित्राला मात्र तो देऊ नये, नाहीतर तेच उशिरा येते. मूळ छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नये, ही माझी आणखी एक विनंती. ते आधीच दाबून लहान झालेले असते आणि त्याला पुन्हा दाबले की समुद्र आणि आभाळ यांच्यामध्ये चौकटी दिसू लागतात. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे.

देवनागरीचे स्वतःचे प्रश्न

इंग्रजीतले धडे पाहून पान करणारा नवशिका इथे हमखास अडकतो, कारण ते धडे लिहिणाऱ्यांना आपल्या लिपीच्या गरजा माहीत नसतात. तयार नमुन्यांत शीर्षकाच्या ओळींची उंची बहुधा अक्षराच्या १.२ पट ठेवलेली असते. रोमन अक्षरांना ती पुरते. पण ‘खोल्यांविषयीची पूर्ण माहिती’ असे शीर्षक दोन ओळींवर गेले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. मजकुरासाठी ‘लाइन-हाइट’ १.६ ते १.७ आणि शीर्षकांसाठी किमान १.३५ ते १.४ ठेवावी, असा माझा अनुभव आहे. तसेच अनेक नमुन्यांत शीर्षकाची अक्षरे शोभेसाठी एकमेकांपासून दूर केलेली असतात. ‘लेटर-स्पेसिंग’ नावाचा तो नियम देवनागरीत शिरोरेखा तोडू शकतो आणि अक्षरे दोरीवरच्या कपड्यांसारखी सुटी लटकतात. तो शून्यावर आणावा.

अक्षरांचा आकार स्क्रीनबरोबर वाढावा, पण बेताने, यासाठी ‘क्लॅम्प’ हे सीएसएसचे फंक्शन उत्तम आहे. त्यात किमान, इच्छित आणि कमाल असे तीन आकार एका ओळीत देता येतात. मोठ्या स्क्रीनसाठी ठरवलेल्या ४८ पिक्सेलांच्या शीर्षकात ‘निवासव्यवस्थेसाठी’ असा शब्द आला तर तो ३२० च्या फोनवर मावत नाही आणि अख्खे पान आडवे सरकू लागते. लांब शब्द कुठेही तोडण्याची सूचना ब्राउझरला देता येते. पण मराठी शब्द भलत्याच ठिकाणी तुटला की वाचणारा अडखळतो, म्हणून मी शब्द तोडण्याऐवजी शीर्षकाचा किमान आकार २६ पिक्सेलांपर्यंत खाली आणतो.

फॉन्टसाठी ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा गुगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे दोन्ही मोफत आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येणारे आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टांच्या फाइली जड असतात, म्हणून साधे आणि ठळक अशी दोनच वजने घ्यावीत आणि ‘फॉन्ट-डिस्प्ले’ हे ‘स्वॅप’ ठेवावे, म्हणजे फॉन्ट उतरेपर्यंत फोनमधल्याच अक्षरांत मजकूर दिसत राहतो.

एका रांगेतून अनेक रांगा

आता चार खोल्यांची चार कार्डे घेऊ. फोनवर ती एकाखाली एक आणि मोठ्या स्क्रीनवर शेजारीशेजारी यायला हवीत. यासाठी नवशिके लगेच मीडिया क्वेरी लिहायला घेतात. तिची गरजच नाही. २०१७ च्या मार्चपासून प्रमुख ब्राउझरांमध्ये येऊ लागलेल्या सीएसएस ग्रिडमध्ये, म्हणजे ओळी-स्तंभांच्या जाळीत मांडणी करण्याच्या सोयीत, स्तंभांसाठी ‘रिपीट’, ‘ऑटो-फिट’ आणि ‘मिनमॅक्स’ यांची एकच ओळ लिहिता येते, जिचा अर्थ असा : प्रत्येक कार्ड किमान २६० पिक्सेल रुंद ठेव, जितकी मावतील तितकी एका ओळीत बसव आणि उरलेली जागा सर्वांना सारखी वाटून दे. मध्ये १६ पिक्सेलांचे अंतर ठेवले, तर ३६० च्या फोनवर दोन्ही बाजूंची जागा वजा जाता ३२८ उरतात, म्हणून एक कार्ड बसते. ७६८ च्या टॅबलेटवर ७३६ उरतात, त्यात दोन कार्डे बसतात, कारण तिघांना ८१२ लागले असते. आणि मुख्य भागात कार्डांसाठी पूर्ण ११०० मिळत असतील तर चारही कार्डे १०८८ मध्ये एका ओळीत मावतात. हा हिशेब एकदा कागदावर स्वतः करून पाहावा, म्हणजे ग्रिडची भीती जाते.

ग्रिडचा धाकटा सोबती म्हणजे फ्लेक्सबॉक्स. एकाच दिशेने जाणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे वरच्या पट्टीतले घराचे नाव, दोन-तीन दुवे आणि फोनचे बटण यांसाठी तो सोयीचा पडतो. त्याला ‘फ्लेक्स-रॅप’ची परवानगी द्यायला विसरू नये, नाहीतर जागा नसतानाही सगळे एकाच ओळीत कोंबले जाते. चार दुव्यांसाठी तीन आडव्या रेघांचा लपवाछपवीचा मेनू करण्याच्या फंदात पडू नये, असे माझे मत आहे. आमच्याकडच्या ज्येष्ठांना त्या रेघांमागे काही दडले आहे हेच लक्षात येत नाही.

यानंतरही जिथे पान अवघडलेले दिसेल तिथेच मीडिया क्वेरी लिहावी. तिच्यात ‘मिन-विड्थ’ वापरावी, म्हणजे मूळ नियम फोनसाठी आणि पुढचे नियम रुंदी वाढत जाईल तसे, अशी रचना राहते. अमुक कंपनीच्या फोनची रुंदी पाठ करून त्यावर टप्पे ठरवणे व्यर्थ आहे, कारण पुढच्या दिवाळीला नवे फोन येतात. ब्राउझरची खिडकी कडेला धरून हळूहळू रुंद करत न्यावी, आणि मजकुराच्या ओळी वाचायला फार लांब होतात किंवा छायाचित्राशेजारी जागा रिकामी राहते असे जिथे डोळ्यांना जाणवेल, त्या आकड्यावर टप्पा ठेवावा. आपल्या एका पानाला असे एक-दोन टप्पे पुरतात. संपूर्ण स्क्रीनऐवजी घटक ज्या चौकटीत बसला आहे तिची रुंदी पाहणाऱ्या कंटेनर क्वेरी २०२३ च्या सुरुवातीपर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत आल्या आहेत. त्या जरूर शिकाव्यात, पण दुसऱ्या संकेतस्थळाच्या वेळी.

दरांचा तक्ता, नकाशा आणि फोनचे बटण

दरांचा तक्ता हा फोनवरचा सर्वांत हट्टी पाहुणा. खोलीचा प्रकार, साधे दिवस, शनिवार-रविवार, दिवाळी आणि मे महिना असे पाच स्तंभ ३६० पिक्सेलांत सुखाने बसत नाहीत. तक्ता एका वेगळ्या चौकटीत ठेवून त्या चौकटीला ‘ओव्हरफ्लो-एक्स’ हे ‘ऑटो’ दिले की पान जागेवर राहते आणि तेवढा तक्ता बोटाने सरकतो. पेटीच्या दरांसाठी मात्र मी तक्ताच टाळतो. चार, पाच आणि सहा डझनांच्या पेट्या असतील तर प्रत्येकीचे एक लहान कार्ड करावे आणि वरच्याच ग्रिडमध्ये टाकावे, म्हणजे सरकवण्याचा प्रश्नच उरत नाही.

गुगल मॅप्सवरून उचललेल्या नकाशाच्या तुकड्याची रुंदी ६०० आणि यूट्यूबच्या व्हिडिओची ५६० अशी आधीच ठरवून दिलेली असते. हे दोन आकडे आपल्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात. त्या आयफ्रेमला, म्हणजे दुसरे पान आत दाखवणाऱ्या चौकटीला, रुंदी १०० टक्के द्यावी आणि व्हिडिओसाठी ‘अ‍ॅस्पेक्ट-रेशो’ १६ ला ९ असे लिहावे. नकाशा पानातच हवा का, हेही विचारात घ्यावे. तो पानाबरोबर बरेच काही उतरवतो, आणि फोनवर पान खाली सरकवायला जावे तर नकाशाच हलू लागतो. घराच्या फाटकाचा एक फोटो, ‘मारुतीच्या देवळाकडून डावीकडची पाणंद’ अशी खूण आणि नकाशाचे अ‍ॅप उघडणारे एक बटण एवढ्याने पाहुणा बरोबर दारात येतो.

फोन नंबर चित्र म्हणून कधीही टाकू नये. ‘टेल’ने सुरू होणारा दुवा केला की बोट टेकताच नंबर फोन लावायला तयार होऊन समोर येतो. त्या बटणाची उंची किमान ४८ पिक्सेल असावी आणि शेजारच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणापासून ते थोडे दूर असावे. मागे फिकट निळा समुद्र आणि त्यावर पांढरी अक्षरे हा मोह आवरावा. किनाऱ्यावरच्या उन्हात ती वाचता येत नाहीत. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजेडाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असावे, असा निकष आहे, आणि एफ १२ दाबल्यावर उघडणारा ब्राउझरचा तपासणी-फलक अक्षराच्या रंगावर टिचकी मारताच हा आकडा दाखवतो.

आता साधनांची निवड

एवढे हाताने केल्यावर बूटस्ट्रॅप काय देते ते नीट कळते. ट्विटरमध्ये काम करणाऱ्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी केलेले हे साधन ऑगस्ट २०११ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याची १२ स्तंभांची जाळी, तयार बटणे, अर्ज आणि मेनू यांमुळे काम भरभर होते, आणि पाचव्या आवृत्तीपासून त्याला जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या जोडसंचाचीही गरज राहिलेली नाही. ज्यांना दहा-बारा पानांचे, अर्ज असलेले संकेतस्थळ दोन आठवड्यांत उभे करायचे आहे त्यांनी ते अवश्य घ्यावे. एका पानाच्या घरगुती निवासासाठी ते म्हणजे एका पेटीसाठी अख्खा टेम्पो.

टेलविंड वेगळ्या वळणाचे आहे. त्यात तयार बटणे नसतात, तर लहान लहान वर्ग (क्लास, म्हणजे सजावटीच्या एकेका नियमाची नावे) असतात आणि ते थेट एचटीएमएलमध्ये लिहायचे असतात. त्यासाठी संगणकावर फाइल तयार करून देणारी एक प्रक्रिया चालवावी लागते आणि नवशिक्याचा पहिला दिवस त्यातच जातो. एक गैरसमज मात्र आधीच दूर करावा : त्यातला ‘एसएम’ हा उपसर्ग म्हणजे ‘लहान फोनवर’ असे नव्हे, तर ‘६४० पिक्सेल आणि त्याहून रुंद’ असा आहे. फोनसाठीचा नियम उपसर्ग न लावता लिहायचा असतो.

कोड लिहायचाच नसेल तर वर्डप्रेस किंवा गुगल साइट्स हे पर्याय आहेत. गुगल साइट्स मोफत आहे, फोनला आपोआप जुळवून घेते आणि मोडायला फारसे काही हातात देत नाही. पहिल्या प्रयत्नासाठी ते वाईट नाही. वर्डप्रेसचा फायदा असा की दर बदलले की घरातली वहिनीही फोनवरून ते बदलू शकते. तोटा असा की हौसेने बसवलेली एकेक प्लगइन, म्हणजे जोडसुविधा, पान जड करत जाते आणि त्यांची अद्ययावत आवृत्ती घालणारे कोणी उरत नाही. वर्डप्रेससाठी थीम, म्हणजे तयार रूप, निवडताना तिचे नमुना-पान स्वतःच्या फोनवर उघडावे आणि त्यात मराठी मजकूर टाकून पाहावा. इंग्रजीत सुरेख दिसणाऱ्या थीममध्ये आपली वेलांटी कापली जाते ती तिथेच दिसून येते.

तपासणी आणि प्रकाशन

फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम या कळा एकत्र दाबल्या की निरनिराळ्या रुंदींची चौकट उघडते; क्रोममध्ये आधी एफ १२ दाबून मग हेच करावे. ३२० पासून सुरुवात करून चौकट हळूहळू रुंद करावी. पान आडवे सरकत असेल तर एखादा घटक बाहेर गेला आहे असे समजावे, आणि तो सापडत नसेल तर सर्व घटकांना तात्पुरती लाल रेघ द्यावी, म्हणजे गुन्हेगार कडेबाहेर डोकावताना दिसतो. त्याच फलकात मंद नेटवर्कची नक्कल करण्याची सोय आहे, तीही लावून पाहावी. क्रोममधले लाइटहाउस हे साधन पानाची वेगवेगळ्या निकषांवर तपासणी करून देते. मुख्य छायाचित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, हा त्यातला लक्षात ठेवण्याजोगा आकडा आहे. शंभरपैकी शंभर गुणांच्या मागे लागू नये. गुगल आपल्या शोधासाठी आता पानाचे मोबाइलवरचे रूपच मुख्यतः पाहते, म्हणून ही तपासणी मोबाइलच्या पर्यायावरच चालवावी.

नक्कल ती नक्कलच असते. संगणक आणि फोन एकाच वायफायवर असतील तर संगणकाचा स्थानिक आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि लाइव्ह सर्व्हरने दिलेला पोर्ट क्रमांक फोनच्या ब्राउझरमध्ये टाकून चालू कामच फोनवर पाहता येते. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून पुन्हा पाहावे, फोन आडवा धरून पाहावे आणि भर दुपारी अंगणात उभे राहून पाहावे.

प्रकाशनासाठी नेटलिफायची मोफत सेवा अशा पानाला पुरते. तिथे फोल्डर उचलून ब्राउझरमध्ये टाकला की काही क्षणांत पत्ता मिळतो. तो पत्ता आधी स्वतः सड्याच्या कडेला, जिथे जेमतेम रेंज येते तिथे जाऊन उघडावा. मग मुंबईतल्या एखाद्या मावशीला पाठवावा आणि काहीही न समजावता तिला एवढेच सांगावे की, ‘मे महिन्यातल्या शनिवारचा दर बघ आणि याच पानावरून मला फोन कर.’ फोन यायला किती वेळ लागला आणि वाटेत ती कुठे अडली, ते तिला विचारून लिहून घ्यावे. दुरुस्तीची पहिली यादी तीच असते.